सुपारीच्या बेटावर पाच दिवस

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनवरून गेलं, तेव्हा आमच्या वाडीतल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. आजोबांच्या हातची झाडं होती. नंतर नवी रोपं लावली, ती वाढतही आहेत, पण आई संध्याकाळी मागच्या दारी जाऊन उभी राहायची ती राहीनाशी झाली. म्हणून मलेशियाचा विचार सुरू झाल्यावर मी तिला एवढंच सांगितलं, "पुलाऊ पिनांग म्हणजे सुपारीचं बेट. पुलाऊ म्हणजे बेट, पिनांग म्हणजे सुपारी." पासपोर्टसुद्धा नसलेली माझी आई म्हणाली, "मग बघून येऊ या."

इंग्रजांनी पिनांगचं पेनांग केलं. बेटावरच्या मुख्य शहराचं नाव जॉर्जटाउन. ७ जुलै २००८ ला मलाक्का शहराबरोबर त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी निघालो.

पहिला दिवस

मुंबईहून चेन्नई आणि तिथून थेट पेनांग. भारतीयांना थोड्या दिवसांच्या सहलीसाठी सध्या व्हिसा लागत नाही. निघण्याआधी तीन दिवसांच्या आत प्रवेशाचा फॉर्म मोबाइलवर भरायचा, की झालं. घड्याळ अडीच तास पुढे केलं. विमानतळाच्या बाहेर राज्याचा झेंडा फडकत होता, निळा, पांढरा आणि पिवळा, आणि बरोब्बर मधोमध पोफळीचं झाड. आई थांबून बघत राहिली. मग म्हणाली, "झेंड्यावर घेतलीय गं त्यांनी."

राहायला मुंत्री रस्त्यावरच्या एका जुन्या दुकानघरात खोली घेतली होती. जॉर्जटाउनचं दुकानघर बाहेरून अरुंद दिसतं आणि आत शिरलं की संपतच नाही. पुढे धंदा, मागे आणि वर घर, मध्ये उजेड नि पाऊस आत घेणारा चौक. आमच्याकडच्या वाड्यातला माणूस इथे बिचकणार नाही. रस्त्याच्या बाजूला सलग पडवी असते. तिला 'काकी लिमा' म्हणतात, म्हणजे पाच फूट. एका घराच्या पडवीतून दुसऱ्याच्या पडवीत असं उन्हापावसात पूर्ण रस्ताभर चालता यावं, अशी ही सोय. आता कुठे मोटरसायकली, कुठे कुंड्या, कुठे देव्हारा, त्यामुळे वर-खाली करत चालावं लागतं.

संध्याकाळी पेनांग रोडजवळच्या एका बोळात चेंडोल खाल्लं. बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, लाल राजमा, केवड्याच्या जातीतल्या पानांनी हिरव्या केलेल्या शेवया आणि वर 'गुला मेलाका', म्हणजे नारळाच्या ताडीरसाचा गूळ. पाटीवरचं 'गुला' मी वाचून दाखवलं. आई म्हणाली, "गूळच की." पुढचे चार दिवस तिचा हाच उद्योग. बहासा म्हणजे भाषा, मुका म्हणजे मुख, कपाला म्हणजे डोकं, आपलं कपाळ. परक्या गावात माणसाला असा एकेक शब्द भेटला, की त्याची भीती कमी होते हे मी तिच्या चालण्यातच पाहिलं.

दुसरा दिवस

सकाळी कॉर्नवॉलिस किल्ला. जंजिरा बघत वाढलेल्या डोळ्यांना याचे तट ठेंगणे वाटतात, आणि खरंच या किल्ल्यावर कधी लढाई झाली नाही. पण सुरुवात इथूनच. केदाहच्या सुलतानाकडून बेट मिळवून ११ ऑगस्ट १७८६ ला फ्रान्सिस लाइटने ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने इथे निशाण लावलं. बदल्यात सुलतानाला सयामपासून, म्हणजे आजच्या थायलंडपासून, संरक्षण हवं होतं, ते कंपनीने दिलंच नाही. पहिला तट नीबोंग नावाच्या ताडाच्या खोडांचा होता, पक्का नंतर झाला. दाट रान तोडायला मजूर तयार होईनात, तेव्हा लाइटने तोफेतून चांदीची नाणी जंगलात उडवली अशी गोष्ट इथे सगळे सांगतात.

किल्ल्याचं नाव वाचून मला मात्र श्रीरंगपट्टण आठवलं. टिपूवर चालून गेलेला कॉर्नवॉलिस तो हाच, आणि त्या युद्धात त्याच्या फौजेशेजारी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा उभ्या होत्या. तटावरून समुद्रापलीकडचा जो किनारा दिसतो, त्याला १८०० मध्ये गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीचं नाव दिलं गेलं. दोनच वर्षांनी त्याच्या कारकिर्दीत वसईचा तह झाला. त्याचा भाऊ आर्थर १७९७ मध्ये या बेटावर येऊन गेला होता, आणि १८०३ मध्ये असईला मराठ्यांच्या समोर उभा होता. शाळेत ही नावं आपण फक्त आपल्या बाजूने शिकतो. त्याच माणसांच्या पावलांचा दुसरा ठसा इतक्या दूर बघताना मी बराच वेळ तटावर बसून राहिले.

आईचं लक्ष सेरी रंबाई तोफेकडे. १६०३ मध्ये ओतलेली ही डच तोफ जोहोर, आचे, सेलांगोर असा प्रवास करून इथे आली. मूल व्हावं म्हणून बायका तिच्या तोंडाशी फुलं ठेवत. आईला याचं काहीच नवल वाटलं नाही. "आपल्याकडे दसऱ्याला गडावरच्या तोफेला वाहतात की फुलं."

बाहेर चौकात व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून बांधलेला घड्याळाचा मनोरा आहे. छिया चेन ओक नावाच्या चिनी धनिकाने दिलेला, साठ वर्षांचे साठ फूट. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बने तो किंचित कलला, तसाच आहे.

मग जो रस्ता लागतो त्यासाठी तरी या शहरात यावं. जुनं नाव पिट स्ट्रीट, आता कापितान केलिंग मशिदीचा रस्ता. सावकाश चाललं तरी दहा-पंधरा मिनिटांत संपतो, आणि तेवढ्यात चर्च, चिनी मंदिर, मारीअम्मनचं देऊळ आणि मशीद भेटतात.

सेंट जॉर्ज चर्च १८१८ चं. पांढरेशुभ्र खांब, पुढे हिरवळ. हे बांधलं हिंदुस्थानातून आणलेल्या कैद्यांनी. अंदमानच्या आधी काळं पाणी म्हणजे हे बेटही होतं. बंगाल, मद्रास आणि आपल्या मुंबई इलाख्यातूनही माणसं बेड्या घालून या किनाऱ्यांवर धाडली जात. रस्ते, पूल, चर्च त्यांच्या हातचे, आणि भिंतीवर त्यांचं नाव कुठेच नाही. मी हे सांगितल्यावर आईने एका खांबावर तळवा ठेवला आणि काही बोलली नाही.

कुआन यिन ही करुणेची देवी. तिच्या देवळात मनगटाएवढ्या जाड उदबत्त्या अंगणात जळत असतात, डोळे चुरचुरतात, आणि बायका उभ्याउभ्याच मनातलं सांगून निघून जातात. तिथून मागच्या गल्लीत मारीअम्मन. १८०१ मधल्या छोट्या देवळीचं १८३३ मध्ये देऊळ झालं, पेनांगमधलं हे सर्वांत जुनं हिंदू मंदिर. गोपुरावर रंगीत देवदेवतांची दाटी. आई आत गेली, हात जोडले आणि वळून म्हणाली, "ही आपली मरीआईच." रोगराईपासून राखणारी, पाऊस देणारी, वेशीवरची आई. तमिळ मजुरांनी बोटीतून येताना तिला बरोबर आणलं. पुजाऱ्याने कुंकू दिलं तेव्हा भाषेची अडचण कुणालाच आली नाही.

कापितान केलिंग मशीद १८०१ ची, दक्षिण भारतातून आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी उभारलेली. पांढऱ्या भिंती, काळसर घुमट. आत जायला झगा देतात. संगमरवरी फरशीवर बसलो आणि दुपारचं ऊन विसरलो.

जेवायला नासी कंदार. नासी म्हणजे भात, कंदार म्हणजे खांद्यावरची कावड. तमिळ मुस्लिम विक्रेते एका बाजूला भाताचं, दुसऱ्या बाजूला कालवणाचं भांडं लावून गल्लोगल्ली विकत, त्यावरून हे नाव. आता कावड गेली, नाव राहिलं. भातावर तीन-चार कालवणं एकमेकांत मिसळून ओततात. ती मिसळायला हवीतच, वेगवेगळी मागू नका.

तिसरा दिवस

हा दिवस भिंतींचा.

२०१२ च्या जॉर्जटाउन महोत्सवात लिथुआनियाच्या अर्नेस्ट झाकारेविच या तरुण चित्रकाराने जुन्या भिंतींवर मुलं रंगवली. आर्मेनियन रस्त्यावर सायकलवरची दोन भावंडं. सायकल खरी, भिंतीला जोडलेली, मुलं रंगातली. आह क्वी रस्त्यावर खऱ्या मोटरसायकलवर बसलेला मुलगा. कॅनन रस्त्यावर खुर्चीवर चढून भिंतीतल्या खिडकीकडे हात नेणारा पोरगा. या चित्रांनी शहराचं नशीब पालटलं असं म्हटलं तरी चालेल. सायकलपाशी फोटोसाठी रांग असते, म्हणून आम्ही सात वाजताच गेलो. दोघीच होतो. मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू उन्हापावसाने फिकं झालंय, गिलाव्याचे पोपडे सुटलेत. मला ते तसंच आवडलं. चुन्याच्या भिंतीवरचं चित्र भिंतीबरोबर म्हातारं व्हावं. काही ठिकाणी नंतर कुणीकुणी भडक रंगांत काढलेली चित्रं आहेत, त्यांच्यापुढून आम्ही न थांबता गेलो.

चित्रांइतकीच मला गुंतवून ठेवणारी गोष्ट म्हणजे लोखंडी सळ्या वाकवून केलेली व्यंगचित्रं. शहरभर अशी ५२ आहेत, आणि प्रत्येक त्या त्या गल्लीची गोष्ट सांगतं. कॅनन रस्त्यावरचं चित्र १८६७ च्या दंग्यात तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्याचं. दुसरं एक जिमी चू या जगप्रसिद्ध चप्पल-बूटवाल्याचं, तो याच भागात काम शिकला. चित्रं मुलांची आहेत, सळ्या कामकऱ्यांच्या. शहर कुणी चालवलं हे कळायचं असेल, तर सळ्या वाचत फिरावं.

आमच्याच मुंत्री रस्त्यावर आमाचं चित्र आहे. आमा म्हणजे दक्षिण चीनमधून एकटीने आलेली, घरकाम करणारी बाई. स्वयंपाक, धुणं, केर, मुलं, सगळं एकटीवर. कँटनीज भाषेत अशा बाईला 'एकच पाय सगळ्यांना लाथाडतो' अशा अर्थाचं म्हणतात, आणि चित्रात तिची तीच तारांबळ आहे. पाच दिवसांत आई कुठल्याही चित्रापुढे एवढी थांबली नाही. "हिच्या हाताला पाचवं काम कुठलं दिलंय बघ," एवढंच म्हणाली. आजोबांच्या आजारपणात वाडी, गोठा आणि आम्ही तिघं तिने कसे सांभाळले ते मला आठवत होतं.

खू कोंग्सी हे खू आडनावाच्या कुळाचं सभागृह नि देवघर. फुजियान प्रांतातल्या एका गावातून आलेल्या भाऊबंदांनी उभारलेलं. आधीची वास्तू १९०१ मध्ये पूर्ण होताहोता जळाली. बादशहाच्या महालाशी बरोबरी केली म्हणून देव कोपले असं लोक म्हणाले, मग १९०६ मध्ये थोडी आटोपशीर बांधली. ही आटोपशीर! छपरावर ड्रॅगन, पक्षी, फुलं, माणसं, आणि ती सगळी रंगीत चिनीमातीच्या वाडग्यांचे तुकडे कापून, एकेक चिकटवून केलेली. एका पाकळीला दहा तुकडे. दारापाशी दगडी शीख पहारेकरी उभे. चिनी कुळाच्या दारात पंजाबी राखणदार, हे जॉर्जटाउनलाच शोभतं.

दुपारी पेरानाकान हवेली. पेरानाकान म्हणजे इथे स्थायिक होऊन मलय चालीरीती घेतलेले चिनी वंशज. १८९० च्या दशकात चुंग केंग क्वी या धनिकाने बांधलेलं हे हिरवं घर स्कॉटलंडचं ओतीव लोखंड, इंग्लंडच्या फरशा आणि चिनी कोरीव लाकूड यांनी भरलंय. मी झुंबरं बघत होते, आणि आई एका काचेपाशी खिळलेली. आत विड्याचं तबक. चुना, कात, पान, सुपारी यांच्या चांदीच्या डब्या आणि शेजारी अडकित्ता. मलय भाषेत त्याला 'काचिप' म्हणतात. लग्नाची मागणी घालतानाही इथे पान-सुपारी पुढे करत. आईने काचेवर बोट टेकवून अडकित्त्याची कड दाखवली. "आमच्या आत्याचा असाच होता. घोड्याचा." मग बाहेर येऊन पायरीवर बसली, तेव्हा मीही शेजारी बसले.

संध्याकाळी वेल्ड धक्क्यावरच्या कुळांच्या जेट्ट्या. समुद्रात खांब रोवून त्यावर फळ्यांची गल्ली आणि दोन्ही बाजूंना घरं. लिम, तान, ली, येओ अशी एकेका आडनावाची वस्ती, सर्वांत मोठी च्यू जेट्टी. दोन वस्त्या २००६ मध्ये पाडल्या गेल्या. लोक अजून राहतात, म्हणून मोठ्याने बोलू नका, दारात डोकावू नका. च्यू जेट्टीवर होडीतल्या मुलांचं झाकारेविचचं चित्र होतं, ते खाऱ्या वाऱ्याने जवळजवळ पुसलं गेलंय. भरतीचं पाणी फळ्यांखाली चुबकत होतं. एक आजी दारात मासळी निवडत होती. आईने वाकून पाहिलं, दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

चौथा दिवस

पहाटे वॉटरफॉल टेकडीवरचं बालदंडायुधपाणी मंदिर. ५१३ पायऱ्या. भारताबाहेरचं सर्वांत मोठं मुरुगन मंदिर म्हणून ते ओळखलं जातं. थैपूसम या मुरुगनच्या सणाला इथे रथ येतो आणि रस्त्यावर नारळांचा खच पडतो. आई थांबत थांबत चढली, वरून समुद्र उजाडताना पाहिला.

उतरल्यावर एका घराच्या कुंपणाशी दोन पोफळी दिसल्या. खऱ्या, उंच, वर पिकलेले नारिंगी घड. आई त्या घरासमोर उभीच राहिली. खोडावरची वळी मोजू लागली. खाली एक विरी, म्हणजे झावळीचं रुंद बूड, गळून पडली होती. तिने ती उचलली, झटकली आणि घरच्यासारखी कुंपणाला उभी टेकवून ठेवली. घरातली बाई बाहेर आली, तिने विचारल्यासारखा हात केला, आणि आईने वर बोट दाखवून मराठीतच सांगितलं, "रोठा नाही हा. पण छान धरलाय." रोठा म्हणजे आमच्या श्रीवर्धनची सुपारी. आदल्या रात्री एका गाडीवाल्याने नूडल्स विरीच्या तुकड्यात बांधून दिलेले पाहिले होते, त्याचा वास पदार्थाला लागतो म्हणे. आई दिवसभर त्याबद्दल बोलत होती. "आपण नुसती पेटवतो गं."

मग आयेर इताम. आयेर म्हणजे पाणी, इताम म्हणजे काळं. काळसर ओढ्यावरून पडलेलं नाव, पण मला परवाचे कैदी आठवलेच. इथल्या डोंगरावर केक लोक सी, १८९० पासून बांधत आणलेलं विशाल बौद्ध मंदिर. सात मजली पॅगोडा १९३० मध्ये पूर्ण झाला. तळ चिनी धाटणीचा, मधला भाग सयामी, माथा ब्रह्मदेशी. पायाचा दगड सयामचा राजा सहावा राम याने बसवला. वर कुआन यिनची प्रचंड कांस्यमूर्ती आहे. मंदिर सुंदर आहे, पण दुकानांच्या बोगद्यातून जावं लागतं आणि मन विखुरतं. मला काल-परवाची छोटी देवळं जास्त जवळची वाटली.

खाली बाजाराजवळ आसाम लाक्सा. आसाम म्हणजे आंबट. रस्सा चक्क बांगड्याचा! चिंच आणि आमसुलाच्याच जातीतल्या फळाच्या सुकवलेल्या चकत्या, त्यात जाड शेवया, वर पुदिना, अननस, काकडी. आईने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. दोन वाट्या संपवल्या. नंतर जायफळाच्या गराचं सरबत. आपल्याकडे त्या गराचं लोणचं घालतात, हे तिने विक्रेत्याला खुणांनी समजावण्याचा प्रयत्न केला.

पेनांग हिलची १९२३ ची रेल्वे आता नव्या डब्यांची झाली आहे. वर धुकं होतं, काही दिसलं नाही.

पाचवा दिवस

विमान संध्याकाळचं. सकाळी पहुडलेल्या बुद्धाचं सयामी मंदिर पाहिलं, १८४५ चं, मूर्ती ३३ मीटर लांब. समोरच त्याहून जुनं, १८०३ चं ब्रह्मदेशी मंदिर. पण मला खरं जायचं होतं जुन्या प्रॉटेस्टंट कब्रस्तानात.

मोठ्या रस्त्याच्या कडेला भिंत, आत चाफ्याची म्हातारी झाडं. सगळ्या कबरींवर पांढरी फुलं पडलेली. फ्रान्सिस लाइट इथेच आहे, बेटावर आठ वर्षं काढून १७९४ मध्ये तापाने गेलेला. शेवाळलेल्या दगडांवर विशी-तिशीतली वयं वाचवत नाहीत.

मी शोधत होते टॉमस लिओनोवेन्सला. त्याची बायको अ‍ॅना, पुढे सयामच्या राजाच्या दरबारात मुलांची शिक्षिका म्हणून जगभर गाजलेली. आपण वेल्समध्ये जन्मलो असं ती आयुष्यभर सांगत राहिली. खरा जन्म १८३१ चा, अहमदनगरचा. लहानपण पलटणींच्या छावण्यांत आणि पुण्यात. लग्नही पुण्यात, १८४९ च्या नाताळात, याच टॉमसशी. पोटापाण्यासाठी फिरत फिरत दोघं पेनांगला आले, तो इथे हॉटेल चालवत होता आणि ७ मे १८५९ ला अचानक वारला. दोन लहान मुलं घेऊन ती सिंगापूरला गेली, तिथे शाळा काढली, आणि १८६२ मध्ये बँकॉक.

दगड सापडला. मी आईला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, नजर दगडावर.

"म्हणजे नगरची होती ती."

"हो."

"आणि कुणाला सांगितलं नाही?"

"कुणालाच नाही."

आईने खाली वाकून एक ताजा चाफा शोधला, देठ पुसला. "म्हणजे नगरचा जावई हा," असं म्हणत तो दगडावर ठेवला. मग शेजारच्या, नाव झिजलेल्या कबरीवरही एक ठेवला. रस्त्यावर आमची टॅक्सी येऊन थांबली होती. दारापर्यंत जाईतो ती तीनदा वाकली.